सत्यशीलाची मेंढरं

शनिवारी सुलेखा मॅडमचा तास असला की ॲनिमेशनच्या लॅबमधले सगळे संगणक बंद असायचे. मुलं खुर्च्या गोल मांडून बसायची आणि मॅडम मधोमध उभ्या राहून एकेक प्रश्न टाकायच्या. हे चित्र कोणी काढलं? ज्या सॉफ्टवेअरवर काढलं ते कोणाच्या मालकीचं? उद्या त्या मालकानं कुलूप घातलं तर तुमचं काम तुमच्याकडं राहील का? आणि चित्रात जो माणूस दाखवलाय, त्याला कोणी विचारलं होतं का? छत्रपती संभाजीनगरात जळगाव रोडवरच्या त्या लहानशा कॉलेजात असले प्रश्न विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. पहिल्या वर्षाची पोरं वैतागायची. बटणं कुठली दाबायची ते शिकायला आलो आणि या बाई तत्त्वज्ञान घेऊन बसल्या, असं आपसात बोलायची. तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत तीच पोरं एकमेकांना तेच प्रश्न विचारून भांडायची.

"मुक्त म्हणजे फुकट नव्हे," हे मॅडमचं ठरलेलं वाक्य होतं. मुक्त सॉफ्टवेअर उघडून आत बघता येतं, त्यात बदल करता येतो, दुसऱ्याला देता येतं. फुकट म्हणून जे मिळतं त्यात आतलं काही दिसत नाही. त्यांच्या विभागात सगळं काम ब्लेंडरसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवरच चालायचं, आणि पूर्ण झालेल्या कामाच्या सगळ्या फाइली कोणालाही उतरवून घेता येतील अशा ठेवलेल्या असायच्या.

सुलेखाला हे कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. ती गंगापूरच्या शेतकरी घरातली. शिक्षण झाल्यावर नऊ वर्षं पुण्यात एका स्टुडिओत होती. परदेशी मालिकांमधल्या पात्रांचे हातपाय हलवायचे, ओठ हलवायचे, आणि मालिका लागली की शेवटच्या नावांमध्ये आपलं नाव शोधायचं. ते एकदाही आलं नाही. एकदा तिच्या आईनं, द्वारकाबाईनं, टीव्हीसमोर बसून विचारलं होतं, "यातलं तू काय केलं गं?" आणि सुलेखाला दाखवता आलं नव्हतं. नोकरी सोडून ती शिकवायला आली, पीएचडीला नाव घातलं. विषय तोच घेतला: हलत्या चित्रामागचा हात कसा लपवला जातो.

त्या संशोधनाचाच भाग म्हणून तिनं शेवटच्या वर्षाच्या सहा मुलांना घेऊन चार मिनिटांचा चित्रपट करायला घेतला. मेंढपाळांच्या एका कुटुंबाचा एक दिवस. कल्पना सत्यशीलाची होती. सत्यशीला रोज फुलंब्रीहून एसटीनं यायची. तिचा बाप केरबा मेंढरं राखायचा. वर्गात हे सांगायला तिला दोन वर्षं लागली होती, आणि सांगितलं तेही शनिवारच्या तासाला. म्हणजे एका अर्थानं मॅडमनीच तिला ते बोलायचं बळ दिलं होतं.

मेंढरांचा कळप रस्त्यावरून खाली उतरून वळतो, हा प्रसंग तिनं स्वतःकडं घेतला. एकोणीस सेकंदांचं काम. दिवाळीच्या सुट्टीत ती बापाबरोबर माळावर हिंडली, मोबाइलवर मेंढरांचे पाय टिपून आणले, पावलं मोजली. एकतीस मेंढरं तिनं एकेक करून चालवली. एक करून बाकीची त्याच्यावरून छापायची सोय संगणकात असते. ती तिनं वापरली नाही. "मॅडम, दोन मेंढरं सारखी चालत नाहीत," ती म्हणाली होती. शेवटच्या रांगेत एक लंगडी होती, ती घरचीच. चार महिने हे चाललं होतं.

फेब्रुवारीत कॉलेजात परिसंवाद ठरला. पुण्याच्या प्राध्यापक श्रेया कानडे यायच्या होत्या. ॲनिमेशनच्या क्षेत्रात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्याच दिवशी विभागाला संशोधन केंद्राची मान्यता द्यायची की नाही ते बघायला समितीही येणार होती. दोन दिवस आधी सुलेखानं चित्रपट सलग लावून पाहिला. सगळं जमलं होतं, फक्त मेंढरांपाशी आलं की अडायचं. पाय जमिनीवरून घसरत होते, ऊन मध्येच लुकलुकत होतं. काम मनापासूनचं होतं, पण कच्चं होतं.

"चार दिवस मिळाले तर पाय बसवते मी," सत्यशीला म्हणाली.

चार दिवस नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं डबे खायला गेल्यावर सुलेखानं लॅबचं दार लोटून घेतलं. एक ओळ लिहिली की यंत्र चित्रपट करून देतं अशी एक वेबसाइट तिला माहीत होती. पहिले सात दिवस फुकट, असं वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. तिनं सत्यशीलाच्याच कामातली एक चौकट, म्हणजे एक स्थिर चित्र, काढून तिथं टाकली आणि खाली एक ओळ लिहिली. पहिल्या खेपेला पाच पायांची मेंढरं आली. दुसऱ्या खेपेला तोंडं माणसांसारखी. आठव्या खेपेला मात्र ती बघतच राहिली. धूळ उडत होती, लोकरीवर तिरपं ऊन होतं, कळप झोकात वळत होता. पुढं जेव्हा जेव्हा तिला ती दुपार आठवली तेव्हा लबाडीपेक्षा हेच जास्त टोचलं, की त्या घटकेला तिला आनंद झाला होता. अगदी टाळी वाजवावी असा.

ते एकोणीस सेकंद तिनं चित्रपटात बसवले. सत्यशीलाला सांगू, समजून घेईल, असं मनाशी म्हटलं. तेवढ्यात सत्यशीला डबा धुऊन आत आलीच.

"मॅडम, पायांचं बघू का थोडं?"

"राहू दे. मी बघते," सुलेखा म्हणाली.

पोरगी समाधानानं गेली. सांगायची वेळ ती होती, आणि ती सुलेखानं जाऊ दिली.

परिसंवादाला सभागृह भरलं होतं. केरबा धुतलेलं धोतर नि तांबडा फेटा घालून आला होता, सोबत सत्यशीलाची आई बानाबाई. सुलेखानं त्यांना हाताला धरून दुसऱ्या रांगेत बसवलं. दिवे मालवले, चित्रपट सुरू झाला. मेंढरं आली तेव्हा सभागृहातून "वा" असा आवाज उठला. सुलेखा भिंतीला टेकून उभी होती. तिनं पडद्याकडं पाहिलं नाही. ती सत्यशीलाकडं बघत होती. सत्यशीलाची मान आधी पुढं आली, मग हळूहळू मागं गेली, आणि मग ती एकदम ताठ बसली.

शेवटी पडद्यावर अक्षरं आली: या चित्रपटातली प्रत्येक चौकट विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातानं, मुक्त सॉफ्टवेअरवर घडवलेली आहे. ते वाक्य सुलेखानंच महिनाभरापूर्वी लिहिलं होतं. काढायचं तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. की राहिलं होतं आणि तिनं काढलं नव्हतं? याचं उत्तर तिला स्वतःलाही नीट देता आलं नाही.

श्रेया कानडे बोलायला उठल्या. म्हणाल्या, "बाकी सगळं छान आहे, पण ते कळपाचं वळण! ते कोणी केलं? ती मुलगी मला बघायचीय."

सत्यशीला उठली. तिचा चेहरा उतरला होता. तिनं वळून सुलेखाकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. काय करू, एवढंच ती विचारत होती. तिसऱ्या वर्षाची पोरगी, सगळ्या सभागृहासमोर, आपल्या मास्तरणीला विचारत होती. आणि सुलेखानं दोन्ही हात उचलून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पहिली टाळी तिची. मग सगळ्यांच्या पडल्या. बानाबाईनं पदर डोळ्याला लावला.

"किती दिवस लागले गं तुला?" कानडे बाईंनी विचारलं.

"चार महिने," सत्यशीला म्हणाली. खरं तेच बोलली ती, आणि खाली बसली.

चहाच्या वेळी केरबा काठी टेकत सुलेखापाशी आला. "बाई, लई केलं तुम्ही पोरीसाठी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "एक इचारू का? ती मेंढरं कोणाची होती?"

"म्हणजे?"

"न्हाय, आमची नव्हती, म्हणून. मेंढरू वळताना आधी मान वळवतं, मग पाय. ही समदी एकदम वळली. आन् आमची लंगडी कुठंच दिसली नाय. पोरीनं मोबाइलवर दाखवली व्हती मला, तवा व्हती."

त्याच्या बोलण्यात संशय नव्हता. लंगडी दिसली नाही याचं त्याला खरंच नवल वाटलं होतं.

"संगणकावर जरा सुधारणा करावी लागते, दादा," सुलेखा म्हणाली.

"आसं व्हय," केरबा म्हणाला. पायानं अधू असलेली ती एक मेंढी सुधारली तर बरंच झालं, अशा चेहऱ्यानं त्यानं मान हलवली. जवळच कपबश्या गोळा करत असलेल्या सत्यशीलानं हे सगळं ऐकलं. तिनं मान वर केली नाही.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी नाही. सुलेखाचे फोन तिनं उचलले नाहीत. आठव्या दिवशी समितीचं पत्र आलं, मान्यता मिळण्यासारखी आहे म्हणून. प्राचार्य जगदाळे सरांनी पेढे वाटले. सुलेखानं पेढा हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि रुमालात गुंडाळून ठेवला.

त्याच दुपारी कानडे बाईंचा मेल आला. तुमच्या विभागाच्या रिवाजाप्रमाणे कळपाच्या प्रसंगाची मूळ फाइल पाठवा. माझ्या मुलांना ती उघडून बघायची आहे, प्रत्येक मेंढी कशी चालवलीय ते शिकायचं आहे. यंत्रानं केलेल्या त्या प्रसंगात उघडून बघायला काहीच नव्हतं. सुलेखानं उत्तर लिहायला घेतलं. "ती फाइल दुर्दैवानं खराब झाली," एवढं लिहिलं आणि तिचं तिलाच वाचून कानशिलं तापली. किती सहज सुचलं हे आपल्याला! नऊ वर्षं ज्यांनी आपलं नाव गाळलं त्यांनाही असंच सहज सुचत असेल. त्यांच्याबद्दल तिनं प्रबंधात चाळीस पानं लिहिली होती, आणि त्यात एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की ते काम आपल्यासारखं माणूसही करतं, दुपारी, दार लोटून घेऊन.

तिनं ती ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फुलंब्रीच्या एसटीत बसली.

गावाबाहेर एका कापणी झालेल्या रानात केरबाची मेंढरं जाळीत बसवलेली होती. बानाबाईनं घरी चहा पाजला आणि बोटानं वाट दाखवली. सत्यशीला बांधावर एका कोकराला मांडीत घेऊन बसली होती. मॅडमला बघून ती उठली, कोकरू खाली ठेवलं, ओढणी सारखी केली. वर्गात उठून उभी राहायची तशीच उभी राहिली.

"बस," सुलेखा म्हणाली. "मी माफी मागायला आलेय."

सत्यशीला बसली नाही. "मॅडम, माझं काम वाईट होतं का?"

"नाही."

"मग?"

"कच्चं होतं. आणि मला भीती वाटली. माझं हसं होईल म्हणून. तुझं नाही, माझं."

सत्यशीलानं पायाशी आलेलं कोकरू बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुम्ही मला आधी सांगितलं असतं ना, तर मी हो म्हणाले असते. तुम्हाला नाही कसं म्हणायचं? पण मला सांगितलं नाही आणि उभं केलं. मला वाटलं, मॅडम आता बोलतील. मी वाट बघितली. तुम्ही टाळ्या वाजवल्या."

"चूक माझी आहे. तू त्यात—"

"मी खोटं बोलले ना पण," सत्यशीला मध्येच म्हणाली. "मला म्हणता आलं असतं, हे माझं नाही. आई समोर बसली होती, मला नाही म्हणता आलं. ती लाज माझी आहे, मॅडम. तीपण तुम्ही घेऊन जाऊ नका."

वाटेत एसटीत सुलेखानं बरंच काही जुळवून आणलं होतं. त्यातलं एकही वाक्य बोलण्यासारखं राहिलं नव्हतं.

"आबांना मी काही सांगितलेलं नाही," सत्यशीला म्हणाली. "रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पोरीसाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीच सांगा त्यांना."

केरबा ओढ्याकडून येताना दिसला. त्यानं दुरूनच हात जोडले, बांधावर घोंगडं पसरलं, "बसा बाई" म्हणाला. सुलेखा बसली नाही. उभ्यानंच तिनं सांगितलं. पडद्यावरची मेंढरं सत्यशीलानं केलेली नव्हती. सत्यशीलाची मेंढरं तिनं काढून टाकली होती, तिला न विचारता, आणि त्या जागी यंत्राकडून दुसरी करून घेतली होती. त्या दिवशी चहाच्या वेळी ती केरबाशीही खोटं बोलली होती.

केरबानं सगळं ऐकून घेतलं. त्याला यंत्राचं किती कळलं कोण जाणे. त्यानं एकच विचारलं.

"मंग टाळ्या कशाच्या वाजल्या?"

केरबानं उत्तराची वाट पाहिली, मग घोंगडं उचललं, झटकलं आणि मेंढरांकडं गेला. तो रागावून गेला असता तर तिला सोपं गेलं असतं.

कॉलेजात परतल्यावर तिनं आधी कानडे बाईंना लिहिलं. काही सजवलं नाही, कारणं दिली नाहीत. सोबत सत्यशीलाची मूळ फाइल पाठवली, आहे तशी. मग ती प्राचार्यांकडं गेली.

जगदाळे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कोणाला कळलंय का हे?"

"त्या मुलीला. तिच्या वडलांना. आणि आत्ताच कानडे बाईंना कळवलंय."

"अहो, आधी मला तरी विचारायचं!" सर उसळून म्हणाले. "एकोणीस सेकंदांसाठी सगळा विभाग खड्ड्यात घालताय तुम्ही. आजकाल कोण करत नाही हे?"

"सर, करणाऱ्यांनी तसं लिहावं. मी उलटं लिहिलं होतं."

समितीला पत्र गेलं. मान्यता पुढच्या वर्षावर ढकलली गेली. प्रबंधातलं त्या चित्रपटावरचं प्रकरण सुलेखानं मार्गदर्शकांना सांगून मागं घेतलं. दीड वर्षाचं काम गेलं. कानडे बाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं: कळवलंत हे बरं केलंत. मुलीची फाइल आम्ही उघडून बघतो आहोत. त्यांनी सुलेखाला पुन्हा कुठल्या परिसंवादाला बोलावलं नाही.

शनिवारी तिनं मुलांना सांगितलं. खुर्च्या नेहमीसारख्या गोल मांडलेल्या होत्या. सत्यशीला आली होती, दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. सुलेखानं सगळं क्रमानं सांगितलं, दार लोटलं इथपासून टाळीपर्यंत. कोणी नखं बघत होतं, कोणी जमिनीकडं. शेवटी गोकुळनं, वर्गात सगळ्यात जास्त वाद घालणाऱ्या मुलानं, हात वर केला. एरवी तो हात न वर करता बोलायचा.

"मॅडम, मग आम्ही तीन वर्षं शिकलो ते खरं धरायचं का खोटं?"

"खरं धरा," सुलेखा म्हणाली. "ते शिकवणारी खोटं वागली. हे दोन्ही लिहून ठेवा."

कोणी लिहून घेतलं नाही. मग तिनं सत्यशीलाचा मूळ प्रसंग चित्रपटात परत बसवून लावला. पाय घसरत होते, ऊन लुकलुकत होतं. शेवटची मेंढी लंगडत वळली तेव्हा पलीकडच्या खुर्चीतली एक मुलगी हळूच हसली, आपल्या घरचं कोणी दिसावं तशी. टाळ्या मात्र पडल्या नाहीत. काय करावं ते मुलांना कळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सत्यशीला स्टाफरूममध्ये आली. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा अहवाल अजून लिहायचा होता, आणि त्याला मार्गदर्शक लागतो. तिच्या हातात मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज होता.

"मॅडम, सही लागते तुमची," ती म्हणाली. आवाजात कडूपणा नव्हता, जवळीकही नव्हती.

सुलेखानं अर्ज घेतला. नाव, हजेरी क्रमांक, नव्या मार्गदर्शकाचं नाव, सगळं नीट भरलेलं होतं. 'बदलण्याचे कारण' या रकान्यात मात्र काही नव्हतं.

"हे राहिलंय."

"मुद्दाम सोडलंय," सत्यशीला म्हणाली. "वैयक्तिक लिहा म्हणाले ऑफिसात. मला तेही लिहावंसं वाटेना."

सुलेखानं पेन उघडलं. रकाना अरुंद होता. तिनं बारीक अक्षरात लिहिलं: मार्गदर्शकाने विद्यार्थिनीचे काम तिला न विचारता काढून टाकले व दुसरे काम तिच्या नावावर दाखवले. खाली सही केली, तारीख घातली.

सत्यशीलानं उभ्या उभ्याच ते वाचलं. परत एकदा वाचलं. ऑफिसातला बाबू हे वाचेल, मग विभागप्रमुख, मग विद्यापीठात कोणीतरी, हे दोघींनाही माहीत होतं. सत्यशीलानं अर्जाची घडी घातली नाही, तसाच सरळ वहीत ठेवला, चुरगळणार नाही असा.

"येते मी," ती म्हणाली, आणि नव्या मार्गदर्शकांच्या खोलीकडं गेली.